वेणूबाईंची फुंकर

आमच्या वर्गाला पात्रता एकच लागते, फुप्फुसं कामातून गेलेली हवीत. नवीन पनवेलात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरतो. दम लागणाऱ्यांचा वर्ग वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्या माणसाला मी अजून शोधतो आहे. माझी फुप्फुसं सिगारेटीने खाल्ली. वेणूबाईंची चुलीने. सुकापुरात जन्मभर ओल्या लाकडांचा धूर गिळून त्यांनी घरादाराला जेवू घातलं, आणि घरात गॅस आला तोवर बाईंना चार पावलं टाकवेनात. न्यायाची अपेक्षा आमच्या वर्गात कुणी करत नाही.

वेणूबाई धवलारीण. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा मान. हळदीला ती धवला गाते, एकेका देवाला आणि पितराला नाव घेऊन लग्नाला बोलावते, आणि तिच्यामागून बाकीच्या बायका ती ओळ जशीच्या तशी उचलतात. त्यात कुणी स्वतःची अक्कल चालवत नाही. वेणूबाईंनी अर्ध्या तालुक्याच्या हळदी गाजवल्या होत्या. आता घरचीच आली, नात मनस्वीची, तर गळ्यातून ओळ निघेना.

त्यांचा मुलगा काशिराम म्हणाला, आई, तू नुसती बस, आपण धवल्याची रेकॉर्ड लावू, डीजे आहेच. काशिराम वाईट माणूस नाही. दम लागतो म्हणून तो आईला पलंगावरून उठू देत नसे, ताट मांडीवर, पाणी हातात. असल्या लाडाने धडधाकट माणसाचाही लोळागोळा होतो, हे त्याला कोण सांगणार? रेकॉर्डचं ऐकून वेणूबाईंनी त्याला अशा शिव्या घातल्या की मधेच दम संपला आणि शेवटची शिवी मनस्वीला पूर्ण करावी लागली. दुसऱ्याच दिवशी ती आजीला वर्गात घेऊन आली.

वर्ग घेते नोगा रोहेकर, फिजिओथेरपिस्ट. पनवेलचीच बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची पोर, निम्मं गोत इस्रायलला, आणि शनिवारी वर्ग बंद. बाकीचे दिवस ती आम्हाला वऱ्हांड्यात चालवते, वाळू भरलेल्या बाटल्या उचलायला लावते आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून घारीसारखी बघत बसते. पहिल्या दिवशी वेणूबाई भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, "दम लागतो म्हनून आमी हितं आलो, तर ही पोरगी मुद्दाम दम लावतेय."

नोगाने शांतपणे खरं ते सांगितलं. नवी फुप्फुसं मिळणार नाहीत. पण हातापायांत बळ आलं तर आहे तो श्वास जास्त पुरेल. पडून राहिलात तर आहे तोही कमी पडेल. आणि दम लागला की नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करायचा आणि गरम चहावर घालतो तशी फुंकर घालत सोडायचा. घाई नाही, हळू.

यावर वेणूबाईंनी काशिरामच्या पलंगाला रामराम ठोकला. रोज सोसायटीभोवती फेऱ्या. आधी गेटपर्यंत, मग भाजीवाल्यापर्यंत, मग भाजीवाल्याशी भांडून परत. भांडायला श्वास पुरला त्या दिवशी त्यांनी वर्गात पेढे वाटले.

धवल्यावर मात्र दोघींची जुंपली. नोगा म्हणे, ओळ मधे तोडा, श्वास घ्या, पुढे गा. वेणूबाई म्हणत, देवाचं नाव मोडलं तर देव अर्ध्या वाटेत थांबतो, कळंबोलीच्या सर्कलला अडकून बसेल बिचारा. शेवटी तोड निघाली. नाव अख्खं म्हणायचं आणि ओळ संपली की फुंकर. आम्ही सगळे त्यांच्यामागे बायका झालो. फुटक्या भात्यांचा कोरस होता तो, पण बाई हसत नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती. एकदा मला हळूच म्हणाल्या, "मास्तर, पोरीच्या हळदीत माजा आवाज नाय निघाला, तर मंग मी कशाला जगले?" मी आयुष्यभर चित्रकला शिकवलेला माणूस. मी वाळूची बाटली उचलून त्यांच्या हातात दिली.

हळदीला मी आणि नोगा गेलो. काशिरामने रेकॉर्ड तयारच ठेवली होती, डीजेवाल्याचा हात बटणावर. वेणूबाई पाटावर बसल्या, हात गुडघ्यांवर टेकले, जसे नोगाने शिकवले होते. पहिल्या देवाचं नाव घेतलं. अख्खं. मग ओठांचा चंबू आणि लांब फुंकर.

मागच्या बायकांनी ओळ उचलली. जशीच्या तशी. नाव घेतलं, चंबू केले आणि सगळ्या मिळून फुंकरल्या.

नोगा उठून समजावायला निघाली होती. मी तिचा दुपट्टा धरून तिला खाली बसवलं. दुसरा देव, फुंकर. पितर, फुंकर. समोरचा दिवा दोनदा विझला, दोनदा लावला. चिरनेरहून आलेली म्हातारी भामा शेजारणीला विचारत होती, ही कुठली जुनी चाल. काशिरामने स्वतः जाऊन डीजेवाल्याचा हात बटणावरून काढला. एकही देव वाटेत राहिला नाही. अंगभर हळद लागलेली मनस्वी हसता हसता रडत होती, आणि मीही, उगाच खोटं कशाला बोलू.

परवा कामोठ्याला एका हळदीला गेलो. वेणूबाईंनाच बोलावणं होतं, पण थंडीने छाती भरली म्हणून नोगाने घरी बसवलं होतं. धवला सुकापूरच्याच पोरींनी धरला. देवाचं नाव, मग फुंकर. एकीच्याही फुप्फुसात काही बिघाड नव्हता. मी वेणूबाईंना फोन लावला आणि मांडवाकडे धरला. पलीकडून आधी त्यांची लांब फुंकर ऐकू आली.

"घाई करतायत रांडा," त्या म्हणाल्या. "हळू सोडा म्हनावं."