न वाळलेला पाळणा

विनायक गेल्याचा स्मितावहिनींचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्याच्यासाठीच पॉलिश पेपर घेत होतो. सकाळीच त्याने बजावलं होतं, "बारीकच आण. हिशेबनीसासारखा स्वस्तातला उचलू नकोस."

आनंदनगरच्या रंगाच्या कारखान्यात आम्ही सत्तावीस वर्षं एकत्र काढली. तो प्रयोगशाळेत, मी हिशेबात. शिसवी लाकडावर वार्निश वाळत नाही अशी तक्रार आली की तो गिऱ्हाइकाला शांतपणे समजावायचा... या लाकडाच्या अंगातच तेलकट द्रव्यं असतात. रंधा मारला की ती हळूहळू वर येतात आणि वार्निशला घट्ट होऊ देत नाहीत. म्हणून आधी थिनरने पुसा, लाखेच्या चपड्याचा पातळ हात द्या, मगच वार्निश.

त्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला बदलापूरला माहेरी आली, तेव्हा त्याने जुन्या शिसवी पलंगाचा पाळणा करवून घेतला. पॉलिश मात्र स्वतः करणार होता. फुप्फुसं तोवर थकली होती. थिनरच्या वासाने खोकल्याची उबळ यायची, चपडा भिजवायलाही धीर नव्हता. बारसं जवळ आलं होतं. मी पुसून देतो म्हटलं, तर म्हणाला, "तू बेरजा पूस!" आणि तोंडाला रुमाल बांधून त्याने सरळ वार्निश मारलं.

ते वाळेना. रोज तो कठड्याच्या एका टोकाला अंगठा दाबून बघायचा. "अजून चिकटतंय."

"जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंत," वहिनी म्हणाल्या, "आता लाकूड तुम्हाला शिकवतंय."

तो हसला, पण त्याला लागलं होतं. नातीला त्या पाळण्यात स्वतःच्या हातांनी ठेवायचं, एवढंच त्याने मनात धरलं होतं. बारसं साडीच्या झोळीत झालं. "पुढच्या महिन्यात ठेवू," तो म्हणाला. तो महिना त्याला मिळाला नाही.

दिवसकार्य आटोपल्यावर उल्हासनगरहून पॉलिशवाला आला. तोवर वार्निश आपसूक सुकत आलं होतं. कठड्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "साहब, इधर अंगूठे का निशान है. घिस देता हूँ."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी वाकून ठसा पाहिला.

"बाकी सगळं घासा," त्या म्हणाल्या. "तेवढं राहू दे."

परवा गेलो तेव्हा नात त्या पाळण्यात झोपली होती. ठसा तसाच आहे, रेषा न् रेषा दिसते. मी त्याच्या शेजारी माझा अंगठा दाबून पाहिला. काहीच उमटलं नाही.