हळदीला पोचवताना

अनघा गेल्यानंतर मी आमच्या देवघरासमोर उभं राहणं सोडलं. त्यात राग नव्हता. रागावायचं तरी समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं, आणि मला तसं वाटेनासं झालं होतं. दोन हजार सहा सालचा तो उन्हाळा. अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोतल्या आमच्या घरात माझी बायको नीलिमा सकाळी खंडोबाच्या टाकाला हळद वाहायची, आणि मी स्वयंपाकघरात पाठ करून चहा पीत राहायचो. एकमेकांशी आम्ही जेवणाचं आणि भेटायला येणाऱ्यांचं बोलायचो. मुलीबद्दल बोलत नव्हतो.

अनघा आमची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच वाढली. बरोबरीची मुलं कॉम्प्युटर आणि मेडिकलला गेली तेव्हा हिने घोड्यांचं काम धरलं. जवळच्या फ्रिस्को गावापुढे एका तबेल्यात ती अपंग मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची. तिची स्वतःची एक सोनेरी घोडी होती. तिच्या रंगावरून अनघाने तिचं नाव हळदी ठेवलं होतं. तबेल्यातली माणसं 'हॉल्डी' म्हणायची. मला घोड्यांची भीती वाटायची, म्हणून मी कुंपणाबाहेरूनच बघायचो. मग अनघाला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि सव्विसाव्या वर्षी ती गेली. मी नागपूरला इलेक्ट्रिकल शिकलो आणि जन्मभर टेस्टिंगचं काम केलं. बिघाड शोधायचा, सापडेपर्यंत सोडायचा नाही, एवढंच मला येत होतं. तिचा प्रत्येक रिपोर्ट मी तसाच वाचला. काही उपयोग झाला नाही.

शेवटच्या दिवसांत ती म्हणाली, "बाबा, हळदीला रूथकडे पोचवाल? यू टेक हर. प्लीज, दुसऱ्या कुणाला सांगू नका."

रूथ म्हणजे तिला हे काम शिकवणारी बाई. न्यू मेक्सिकोत, डोंगरांपलीकडच्या खोऱ्यात तिची जागा होती आणि तिथेही अशीच मुलं यायची. मी हो म्हणालो. तेव्हा मी कशालाही हो म्हणालो असतो.

अनघाचा पिकअप आणि घोड्याचा ट्रेलर आमच्या ड्राइव्हवेमध्ये आणून ठेवलेला होता. अशा ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात. आपण पिकअपचा ब्रेक दाबला की डॅशबोर्डखालची एक छोटी डबी, ब्रेक कंट्रोलर, मागे करंट पाठवते आणि ट्रेलरची चाकंही थांबतात. पहिल्यांदा रिकामा ट्रेलर घेऊन बाहेर पडलो तर सिग्नलला मागून जोरात ढकलल्यासारखं झालं. पिकअप थांबत होता, ट्रेलर थांबत नव्हता. घरी आणून तपासलं तर सगळं ठीक. पुन्हा रस्त्यावर नेलं की कंट्रोलरवरचे आकडे लुकलुकायचे आणि विझायचे. शेवटी मी नवीन कंट्रोलर बसवला. दोन-तीन चकरा मारल्या, ब्रेक नीट लागले, आणि मी समाधान मानलं. खरं सांगायचं तर त्या कामात मला बरं वाटत होतं. निदान दुरुस्त करता येईल असं काहीतरी हातात होतं.

निघायच्या सकाळी नीलिमा तबेल्यात आली. बरोबर यायची तिची तयारी नव्हती. "मला तिला तिकडे सोडून परत फिरता येणार नाही हो," ती म्हणाली. तिने हळदीच्या कपाळावर भंडारा लावला. मग माझ्याकडे वळली, पण माझा चेहरा बघून हात खाली घेतला. "तो घोड्यावर बसणारा देव आहे. घोडीला सांभाळेल," एवढंच म्हणाली. मुलीला सांभाळलं नाही, हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळून मी गाडी सुरू केली.

पश्चिम टेक्ससचा रस्ता सरळ आणि सपाट. ब्रेक फारसा लावावाच लागत नाही. वाटेत एका गावाबाहेर घोड्यांच्या मुक्कामाची सोय होती, तिथे रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोंगर चढून पाइनच्या जंगलात शिरलो. पुढे क्लाउडक्रॉफ्ट गाव, आणि ते मागे पडलं की रस्ता वळणं घेत थेट खोऱ्यात उतरतो. मी एकटाच होतो, बोलायला कोणी नव्हतं, आणि मनात एकच प्रश्न घुमत होता: का? तिच्या जागी मी का नाही?

गाव ओलांडलं आणि हळदी अचानक लाथा मारू लागली. दीड दिवस शांत उभी असलेली घोडी. सगळा ट्रेलर हादरत होता. मी घाबरून रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी घेतली, तसा मागून तोच ओळखीचा धक्का बसला. कंट्रोलरकडे पाहिलं. आकडे विझलेले. त्यावरची, ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची पट्टी दाबून पाहिली, काहीच नाही. ट्रेलरला ब्रेक नव्हते, आणि पुढच्याच वळणावर उताराची पाटी दिसत होती. पिकअपचे एकट्याचे ब्रेक तेवढं वजन घेऊन तो घाट उतरले असते का? मला माहीत नाही. मी बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिलो. आत हळदी खिंकाळत होती आणि मला ट्रेलरचं दार उघडायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात खोऱ्याकडून वर येणारा एक पिकअप समोर थांबला. साठीच्या आसपासची बाई उतरली. उन्हाने रापलेला चेहरा, डोक्यावर हॅट, मागे रिकामा ट्रेलर.

"घोडा ओरडतोय तुमचा. काय झालं?" तिने विचारलं.

मी ब्रेकचं सांगितलं. तिने मान हलवली. "ब्रेक असल्याशिवाय खाली जाऊ नका. मी डोलोरेस. आधी हिला बाहेर काढते, मग आपण बघू."

तिने दार उघडलं, हळदीला हळूच मागे घेतलं, बादलीतून पाणी पाजलं आणि सावलीत झाडाला बांधलं. मग माझ्या पिकअपमध्ये जाऊन बसली. मी मागे ट्रेलरचा प्लग काढून पिकअपच्या सॉकेटला टेस्ट लॅम्प लावला. "दाबा," मी ओरडलो. तिने पट्टी दाबली आणि दिवा लख्ख लागला. म्हणजे कंट्रोलर चांगला होता, करंट इथपर्यंत येत होता. प्लग परत लावून मी ट्रेलरची दांडी जोराने हलवली.

"आकडे आले!" ती म्हणाली. "गेले. पुन्हा आले."

आता मला कळलं. दांडीच्या खाली एक पांढरी वायर बोल्टने लोखंडाला जोडलेली होती, करंट परत नेणारी अर्थची वायर. वरून रंग शाबूत होता. बोट लावलं तर टोक हातात आलं, आत नुसता गंज. उभ्या गाडीत ती कशीबशी टेकलेली असायची, म्हणून घरी सगळं ठीक दिसायचं. ओढ बसली की केव्हाही सुटायची. मी टोक कापलं, वायर सोलली, लोखंड खरवडून चकचकीत केलं आणि बोल्ट आवळला. डोलोरेसने पट्टी दाबली तेव्हा चाकाच्या आतून बारीक गुणगुण ऐकू आली. ब्रेकमध्ये करंट खेळत होता.

मी हात पुसत उठलो. ती हळदीपाशी जाऊन तिची मान थोपटत होती. "गुणी आहे. कोणाची?"

"माझ्या मुलीची."

"मुलगी कुठे असते?"

इंग्रजीत उत्तर द्यायचं होतं. तोवर फोनवर, ऑफिसात, सगळीकडे मी "शी इज गॉन" म्हणायचो, जणू कुठल्या गावाला गेली आहे. त्या रस्त्यावर पहिल्यांदा मी म्हणालो, "शी डाइड." आणि माझ्याच्याने पुढे बोलवेना. दवाखान्यात, अंत्यविधीला, कुठेच मी रडलो नव्हतो. त्या अनोळखी बाईसमोर मला हुंदके आवरेनात.

झाडाची दोरी सोडून तिने माझ्या हातात दिली. हळदी पुढे आली आणि तिने आपलं जड डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. तिचा गरम श्वास मानेवर येत होता. अनघाच्या जॅकेटला यायचा तोच वास. मला भीती वाटली नाही. मी तिच्या मानेला मिठी मारून उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही.

नंतर डोलोरेस म्हणाली, "चला. मी तुमच्या मागे येते."

"पण तुम्हाला तर वर जायचंय."

"जाईन की नंतर," ती म्हणाली.

थोडं अंतर हळू चालवून ब्रेक तपासले. ट्रेलर मागे ओढून धरत होता. मग आम्ही घाट उतरलो. प्रत्येक वळणावर मी आरशात बघायचो आणि तिच्या गाडीचे पिवळे दिवे मागे लुकलुकताना दिसायचे. त्या वर्षात मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या मागे कोणीतरी आहे. खाली पोचल्यावर तिने दोनदा हॉर्न दिला, गाडी वळवली आणि पुन्हा डोंगराकडे निघून गेली. मी नीट आभारही मानले नव्हते. तिचं आडनावसुद्धा मला माहीत नाही.

रूथने हळदीला कुरणात सोडलं. ऐन घाटाआधी मला थांबवणाऱ्या त्या लाथांचं सांगितल्यावर रूथ म्हणाली की घोडे तहानेने, कंटाळ्याने, माशीनेसुद्धा लाथा मारतात. असेलही. मी वाद घातला नाही आणि मनाशीही काही ठरवलं नाही. नीलिमाला फोन केला.

"पोचली का हो?"

"पोचली," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं, रडलो तेही सांगितलं. पलीकडे ती रडू लागली. अनघा गेल्यानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा एकत्र रडलो, तेही इतक्या लांबून.

दुसऱ्या सकाळी रूथने मला थांबवून घेतलं. न बोलणारी, चालता न येणारी एक चिमुरडी आईच्या कडेवर आली होती. तिला हळदीच्या पाठीवर बसवेपर्यंत घोडीने कानसुद्धा हलवला नाही. मुलगी वाकली, दोन्ही हात पसरून तिच्या मानेवर पडून राहिली आणि हसली. "असं उभं राहायला अनघाने शिकवलंय तिला," रूथ म्हणाली.

परतीच्या वाटेवर रिकामा ट्रेलर फार खडखडत होता. दुःख जसंच्या तसं होतं, आजही आहे. ज्याने त्या दिवशी मला एकटं सोडलं नाही, त्याला मी देव म्हणतो आणि त्याचे उपकार मानतो. माझ्या मुलीला का नेलं, याचं उत्तर त्याने मला दिलेलं नाही. तो प्रश्न मी अजून विचारतो. फक्त आता विचारताना माझे हात जोडलेले असतात.