पाच दिवसांच्या गोळ्या

आमच्या घरात पहिली पदवी माझी. छावणीतल्या आमच्या गल्लीत कुणाला नवीन औषध मिळालं, की पाकीट वाचून घ्यायला लोक माझ्याकडं यायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आमची कुत्री नऊ वर्षांची होती. पोट आधीपासून नाजूक, जरा तेलकट खाल्लं तरी बिघडायचं. गेल्या उन्हाळ्यात तिला जुलाब लागले आणि त्यात रक्त दिसलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून अँटिबायोटिक दिलं. सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी, पोटात काहीतरी गेल्यावरच, पाच दिवस. उलटी झाली तर पुढची गोळी देण्याआधी फोन करा, असंही ते म्हणाले. मी मान हलवली.

दोन दिवस बरं चाललं. माय दहीभाताच्या घासात गोळी दडवायची आणि ती गिळेपर्यंत समोर बसून राहायची. तिसऱ्या दिवशी सकाळी कुत्रीनं भाताला तोंडच लावलं नाही. मी जबडा उघडून गोळी आत घातली. थोड्या वेळात तिनं ती ओकून टाकली. मी दुसरी अर्धी घातली.

"आगं, पोटात काय नाय तिच्या," माय म्हणाली. "डाक्टरला इचार तरी."

"अँटिबायोटिक मधीच सोडलं तर जंतू मरत नाहीत माय, उलट माजतात. कोर्स पुरा करावाच लागतो."

"व्हय, पर पाणी बी ठरंना तिच्या पोटात."

"बीएस्सी तू केलंय का मी?"

"तूच केलंय बाई," माय हसून म्हणाली आणि फरशी पुसायला लागली.

संध्याकाळीही मी तेच केलं. चौथ्या दिवशी सकाळी कुत्रीला उभं राहता येईना. रिक्षात मायनं तिला मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला विचारलं, उलट्या कधीपासून. मी सांगितलं.

"कोर्स पूर्ण करायचा हे खरंय," ते म्हणाले. "पण उलट्या होत असताना गोळ्या कोंबायच्या नसतात. म्हणून तर फोन करा म्हणालो होतो. औषध बदललं असतं, इंजेक्शन दिलं असतं. आता अंगातलं पाणीच गेलंय तिच्या."

दुपारी ती गेली.

माय बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणले डाक्टर?"

आजारच मोठा होता, असं सांगता आलं असतं. तिनं मानलंही असतं. पण मी झालं ते सगळं सांगितलं.

ती बराच वेळ लुगड्यावरचे कुत्रीचे केस वेचत राहिली.

"मला कळत होतं गं," ती म्हणाली. "पर म्हणलं, तू शिकलेली. माझंच चुकत असंल."