पडताना चांगला दिसेल

माझी ज्याच्याशी लढत होती, त्याच्या बिल्डर वडिलांनी आधी माझा दंड दाबून पाहिला. मग खांद्याला धरून मला जरा वळवलं, बाजारात बैल बघतात तसं. मी उघडाच होतो. फोटोसाठी शर्ट काढायला लावला होता. ठाण्यातल्या एका टॉवरचं क्लबहाउस. समोर उद्याच्या लढतीसाठी रिंगचे दोर बांधायचं काम चाललं होतं.

"आडनाव काय तुझं?"

सांगितलं.

"हां, बरोबर," ते म्हणाले. काय बरोबर, ते बोलले नाहीत. मला कळलं. आमच्या लोकांना ते न सांगताच कळतं.

मग माझ्याकडे पाठ करून आयोजकाला म्हणाले, "चांगला आहे. पडताना चांगला दिसेल."

आयोजक हसला. मीही हसलो. मोठा माणूस हसला की आपणही हसायचं, हे अंगात भिनलेलं. पुढे खाल्लेल्या सगळ्या ठोशांपेक्षा मला त्या हसण्याची लाज जास्त वाटते.

मी विठ्ठलवाडीचा. वडील नाहीत. आई मानपाड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला. बॉक्सिंग शिकलो कल्याणला, सरांकडे. सर रेल्वेतून निवृत्त झालेले, जुने बॉक्सर. एका शाळेमागची शेड, तिच्यात जुन्या कपड्यांनी भरलेली एकच बॅग, आणि तिच्यावर आम्ही सगळे. सरांनी कधी फी मागितली नाही. कधी आडनावावरून काही बोलले नाहीत. हे सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यात तेही होते.

जिल्हा जिंकलो. राज्याला मिडलवेटमध्ये रौप्यपदक. मग राष्ट्रीय स्पर्धेची निवड चाचणी. मी ज्याला हरवलं त्याचं नाव संघात आलं. सर विचारायला गेले तर समितीतला माणूस म्हणाला, "आम्ही अनुभव बघितला." पुढच्या वर्षीही असंच काहीतरी झालं. शेवटी सरच म्हणाले, व्यावसायिक हो, तिथे निवड समिती नसते. खरंच नसते. तिथे मालक असतात.

व्यावसायिक लढतींत दोन प्रकारचे बॉक्सर असतात, हे आत गेल्यावर कळलं. एक, ज्याच्यासाठी कार्यक्रम ठेवतात तो. दुसरा, त्याच्यासमोर उभा करायला आणतात तो. मी दुसरा. आयत्या वेळी फोन यायचा. जायचं, आधी रिंगमध्ये शिरायचं आणि गाणी वाजवत तो येईपर्यंत उभं राहायचं. मी जीव तोडून लढायचो आणि गुणांवर हरायचो. सर म्हणायचे, नाव होतंय. या वेळच्या पोस्टरवर त्या बिल्डरच्या मुलाचा मोठा फोटो होता. माझ्या जागी नुसती काळी आकृती.

फोटो झाल्यावर आयोजकाने मला आणि सरांना बाजूला घेतलं. आडवळण नाही, काही नाही. "तिसऱ्या राउंडला खाली बसायचं, उठायचं नाही. जास्त लागणार नाही."

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता सर त्याची गचांडी धरतील. सर चष्मा पुसत राहिले.

परत येताना खोपटच्या एसटी डेपोसमोर आम्ही चहा घेतला. तिथे सर म्हणाले, "बाळा, एकदा माझं ऐक. हे लोक नाराज झाले तर तुला परत कोणी बोलावणार नाही. तुझं वय निघून चाललंय."

"सर, खाली बसायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"शिकवलं तेव्हा तू लहान होतास," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्लबहाउसमध्ये सोफे लावलेले. आईला पास मिळाला नाही. ती चाळीत शेजाऱ्यांच्या मोबाइलवर बघत बसलेली. पहिले दोन राउंड मी नीट लढलो. पोरगा वाईट नव्हता, हात चांगला, पाय जड. तिसऱ्या राउंडला आम्ही एकमेकांना धरून दोरांवर गेलो, तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "अबे बैठ ना. क्या कर रहा है?"

रागाने नाही म्हणाला. वेटरला पाणी आण म्हणावं तसं म्हणाला.

खरं सांगतो, तोवर माझं ठरलं नव्हतं. गुडघे तयार होते. पण ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी बसलो नाही. चौथ्या राउंडला त्याचं नाक फुटलं. पाचव्यात त्याचा एक ठोसा माझ्या ग्लोव्हजवर बसला, मी जरा मागे सरकलो, आणि पंचाने मध्ये येऊन दोन्ही हात हलवले. लढत थांबली.

मी पंचाला म्हटलं, "मी ठीक आहे. माझ्याकडे बघा ना."

पंचाने बघितलं नाही. मी सगळ्यांसमोर दोन पायांवर उभा होतो आणि माइकवर सांगत होते, टेक्निकल नॉकआउट, म्हणजे मी पुढे लढू शकत नाही.

निकाल सांगताना पंच दोघांना मध्ये घेतो. दोघांची मनगटं धरतो. जिंकलेल्याचा हात वर करतो, हरलेल्याचा खालीच धरून ठेवतो. इतकी वर्षं मी तो हात मुकाट देत आलो होतो. त्या दिवशी पंचाने मनगट धरलं आणि मी ते ओढून घेतलं. त्याने परत धरलं. मी परत सोडवलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभा राहिलो.

सोफ्यांवरून आवाज आला, "ॲटिट्यूड बघ याचा." आणखी कोणी म्हणालं, "यांना आत घेतलं की असंच होतं." सगळं ऐकू येत होतं. करण्यासारखं काही नव्हतं. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

घरी आईने विचारलं, "दुखतंय का रे?" मी नाही म्हटलं. दुखत होतं.

मग लढतींचे फोन बंद झाले. डोंबिवलीच्या ज्या जिममध्ये मी ट्रेनर होतो, त्याच्या मालकाची आयोजकाशी ओळख. "उद्यापासून नको येऊस," एवढंच म्हणाला. मी विचारलं का, तर म्हणाला, तुला माहितीये.

काही महिन्यांनी सर घरी आले. आयोजकाचा निरोप घेऊन. "एक छोटा व्हिडिओ करायचा. खिलाडूवृत्ती दाखवली नाही, चूक झाली, एवढंच. मग लढत देतो म्हणालेत."

"आणि त्या लढतीत?"

आई पोळ्या लाटायची थांबली.

"त्यातही बसायचं ना, सर?"

"मी दमलोय रे," सर म्हणाले.

मला त्यांची दया आली. संतापही आला. ज्या माणसाने मला उभं राहायला शिकवलं, तो माझ्या घरात येऊन मला बस म्हणत होता. मी त्यांच्या पाया पडलो आणि म्हटलं, "व्हिडिओ नाही करणार. त्यांना सांगा, हरलो तर मी स्वतः पंचाला हात देईन. न हरता देणार नाही."

सर गेले. त्यानंतर कोणाचाही फोन आलेला नाही. येईल असं वाटतही नाही. मी सकाळी धावतो, दुपारी काम शोधतो, संध्याकाळी शेडमध्ये एकटा बॅग मारतो. लढत मिळो, न मिळो. ज्याला मला हरवायचंय त्याने समोर येऊन हरवावं. मनगट धरून मला यापुढे कोणी हरवणार नाही.