अकरावर अडकलेला रोल

आमच्याकडे एक जुना कॅमेरा आहे. चौकोनी डब्यासारखा, समोर एकावर एक दोन भिंगं. वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आत बघायचं. आतल्या काचेवर समोरचं सगळं दिसतं, फक्त डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. रोलवर बाराच फोटो निघतात. रोल आता आपल्या इथे मिळत नाही, कुरियरने मागवावा लागतो.

फोटो काढायचा छंद यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा. फॅक्टरीत नोकरी होती तेव्हापासूनचा. सुटीच्या दिवशी नर्मदेकाठी भेडाघाटला जायचे आणि दगडांवर ऊन कसं सरकतं ते बघत तासन् तास बसायचे. फोटो काढायचे दोन. मुलगी पुण्याहून म्हणते, "बाबा, मोबाइलवर काढा ना, लगेच दिसतो." हे म्हणतात, "लगेच दिसतो म्हणून तर कोणी बघत नाही."

फिल्म धुवायचं काम माझं. बाथरूमच्या खिडकीला ब्लँकेट लावायचं, औषधं मापून ओतायची, फिल्मचा डबा हळूहळू हलवायचा. जबलपूरच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी पोळतं, तेव्हा बादलीत बर्फ टाकायचा. मग ओली फिल्म कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने टांगायची. हे सगळं मला येतं. कॅमेऱ्याला मात्र मी हात लावत नसे. आणि त्याच्यासमोरही उभी राहत नसे. कोणी फोटो काढायला लागलं की मला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवतं.

मागच्या वर्षी यांच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली. नेपियर टाउनच्या दवाखान्यात इंजेक्शनं झाली. आता कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. आतल्या काचेवर फोटो नीट जुळवता येईना. दोन-तीनदा प्रयत्न केला, मग कॅमेरा फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला. त्यानंतर हे बाल्कनीतल्या खुर्चीत बसायला लागले. सकाळीही तिथेच, दुपारीही तिथेच. भेडाघाटचं नाव नाही.

एक दिवस कमानिया गेटजवळचा स्टुडिओवाला आला. त्याचं सगळं काम आता कॉम्प्युटरवर चालतं.

"अंकल जी, कॅमेरा मुझे दे दो. सामने काँच के शोकेस में रखूँगा. दुकान की शान बढ़ जाएगी."

"ले जाना भैया," हे म्हणाले. "पर अंदर रोल पड़ा है. दस फोटो हुए हैं, दो बाकी हैं. रोल खत्म हो जाए, फिर ले जाना."

मी चहा घेऊन दारात उभी होते. कॅमेरा गेला की हे त्या खुर्चीतून उठणारच नाहीत, असं मला वाटलं. पण यांना नको म्हणायची मला सवय नाही, आणि परक्या माणसासमोर तर माझं तोंडच उघडत नाही. मी चहा ठेवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट आवरताना कॅमेरा हातात आला. सहज झाकण उघडलं. काचेवर बाल्कनी दिसली, खुर्ची दिसली, आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेले हे. मी कितीतरी वेळ बघत राहिले. समोर मान वर करून यांच्याकडे इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं. इथे मान खालीच होती, म्हणून बघता आलं. भिंगाजवळची दांडी ओढली आणि खटका दाबला. टिक.

खटका दाबला की हे नेहमी लगेच रोल पुढे सरकवायची चावी फिरवत आणि म्हणत, "झाला." मला वाटायचं, चावी फिरवली की फोटो होतो. फिरवलीच नाही, तर झालाच नाही, आणि रोलही संपत नाही. इतकी वर्षं फिल्म धुतली, पण एवढं कधी विचारलं नाही. मग मी रोज दुपारी झाकण उघडायची, बघायची, टिक करायची आणि चावी न फिरवता ठेवून द्यायची.

स्टुडिओवाल्याचा फोन आला की हे मला विचारायचे, "बघ, किती आला?" मागच्या बारीक लाल खिडकीत नंबर दिसतो, तो यांना वाचता येत नाही.

"अकरा."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "किती?"

"अकरा."

"अजून अकराच?" हे खुर्चीत सरळ बसले. "टिक तर रोज दुपारी ऐकून राहिलो मी. डोळे गेले, कान नाही गेले. मग हा अकरा काहून नाही हलून राहिला?"

मी सांगितलं. चावी फिरवली नाही, म्हणजे फोटो झाले नाहीत, असंही सांगितलं.

हे इतके हसले की शेजारच्या दीदी गच्चीतून वाकल्या. "झाले नाहीत? अगं, सगळेच्या सगळे झाले! एकावर एक! एकाच जागी!" डोळे पुसत म्हणाले, "कोणाचे काढले एवढे?"

"तुमचे."

"काहून?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत मी म्हटलं, "रोल संपला की तो घेऊन जाईल. मला द्यायचा नाही कॅमेरा."

यांनी कॅमेरा मागून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "तुझा शिलाईचा टेप आण."

टेप पुरा पाच फुटांचा. एक टोक यांनी भिंगापाशी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. "डोळ्याजवळ लाव. टेप ताणून बस. आता अंतराच्या गोल बटणावर पाचचा आकडा कुठे आहे, तो सांग." आकडे मला वाचता येतात. मी उठून बटण पाचवर आणलं, चावी फिरवून खिडकीत बारा आणला, आणि परत येऊन टेप गालाला लावून बसले. या वेळी स्वयंपाकघरात काही काम आठवलं नाही.

"हलू नको."

टिक. चावी यांनीच फिरवली, रोल संपेपर्यंत. "झाला," म्हणाले.

त्याच दिवशी बाथरूमला ब्लँकेट लावलं. अंधारात फिल्म डब्यातल्या चकरीवर गुंडाळायचं काम पहिल्यापासून यांचंच. तिथे डोळे लागतच नाहीत. मी डबा धरून उभी होते आणि यांची बोटं भराभर चालत होती, पूर्वी चालायची तशीच.

फिल्म वाळल्यावर मुलीने सांगितलं तशी मोबाइलच्या पांढऱ्या उजेडावर धरली. अकरा नंबर काजळासारखा काळा. नीट बघितलं तर खुर्चीचे ढीगभर हात आणि यांची पाच-सहा डोकी. बारा नंबरवर मी. टेपचं टोक गालाला धरलेलं तसंच, खाली ठेवायचं राहून गेलेलं. दाढ दुखत असल्यासारखी दिसते. पण पापण्यांचे केस वेगवेगळे मोजता येतात, इतका नीट आला आहे.

"कसा आहे?" यांनी विचारलं.

"चांगला आहे," मी म्हटलं. स्वतःच्या फोटोबद्दल असं मी पहिल्यांदाच म्हटलं असेल.

कुरियरने नवा रोल आला त्या दिवशीच स्टुडिओवाल्याचा फोन आला. हे रोल भरून चावी फिरवत होते. फोन मी यांच्या कानाला धरला.

"अंकल जी, रोल हुआ?"

"नहीं भैया, अभी कहाँ." मग फोनवरून तोंड बाजूला करून मला, "बघ गं, किती आला?"

मी लाल खिडकीत बघितलं. "एक."

टेप मी आता कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाच बांधून ठेवला आहे. रविवारी भेडाघाटला जायचं आहे. ब्लाउज बेतायला मला दुसरा टेप आणावा लागेल.