रूफिनाची पिवळी

मिसियोनेस प्रांतातल्या त्या गावात रूफिनाबाईचं नाव अजरामर होणार, ही बातमी तिचा नवरा एवारिस्तो घरोघर मिरवून आला होता. शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर दिव्याला भुललेले पतंग पहाटे वेचायचे, कागदाच्या पुडीत घालायचे आणि मग शाळेच्या स्वयंपाकाला लागायचं, हा रूफिनाचा अकरा वर्षांचा नेम. पुड्या जायच्या संग्रहालयातल्या डॉक्टर पागेलांकडे. तपकिरी रेशमी पतंगाला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव कधीच दिलं होतं. पिवळे मात्र दोनच सापडलेले. ती नवी जात ठरली तर तिला रूफिनाचं नाव मिळणार होतं. तिला ते मनापासून हवं होतं. उगाच नको नको म्हणणाऱ्यांतली ती नव्हती.

माशी शिंकली ती पिठाच्या चाळणीपाशी. कोशातून नुकतीच निघालेली पिवळी मादी तिने चाळणीखाली झाकली, तर दिवेलागणीला बाहेरून तीन तपकिरी नर येऊन चाळणीला बिलगले. तिने एकाला आत घेतलं. अंडी झाली, अळ्यांनी दारचा पेरू बोडका केला. कोश फुटले तेव्हा खोक्यात पाच माद्या पिवळ्या, चार नर तपकिरी. एकाच आईची लेकरं!

“फेकून दे ते खोकं,” एवारिस्तो कळवळला. “मी त्या पाव विकणाऱ्या चिपावालीलासुद्धा सांगून बसलोय!”

“तू सांगितलंस, तूच निस्तर.”

डॉक्टर आले. माते या पाल्याच्या चहाचा पहिला कडू घोट यजमानाने घ्यायचा, तो तिने घेतला आणि खोकं त्यांच्यापुढे सरकवलं.

डॉक्टरांनी भिंगातून एकेक पतंग पाहिला. “अहो, ही तर नवरा-बायको निघाली! मग जुनंच नाव दोघांना राहणार. तुमचं...”

“गेलं. कळतंय मला.” तिला वाईट वाटलंच. “दुसरा घोटही कडूच लागेल आता.”

“पण मादीचं वर्णन अजून कुणीच केलेलं नाही. तुम्ही सांगा, मी लिहितो.”

ती खुलली. “लिहा. पंख भाजलेल्या चिपा-पावासारखे पिवळे. तोंड नाही, कोशातून निघाली की काही खात नाही.”

“आणि नाव नवऱ्याचं लावते,” एवारिस्तो दारातून म्हणाला. रूफिना खो खो हसली.

दुसऱ्या दिवशी तो चिपावालीपाशी उभा होता. “नाव काय, कुणीही देतं गं! माझ्या बायकोनं त्या पिवळीचा नवरा शोधून दिला.”