मरियेचं ‘हो’

‘हो’ या एका अक्षराने माझं बालपण नासवलं.

वडील झाशीच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. आम्ही नगरकडचे कॅथलिक, कोळशाच्या इंजिनांमागे इथवर आलेलो. घरात मराठी, पण प्रार्थना हिंदीत, कारण सिविल लाइन्सच्या चर्चमध्ये मिस्सा हिंदीत व्हायची. संध्याकाळी शेडचा भोंगा वाजला की वडील काळे हात धुऊन यायचे आणि आम्ही मरियामातेच्या तसबिरीपुढे दूतवंदना म्हणायचो. देवदूत कुमारी मरियेला निरोप सांगतो, तुझ्या पोटी देवाचा पुत्र येईल, आणि मरिया उत्तर देते. त्या उत्तराचा शेवट ‘पूरा हो’. हिंदीतलं हे ‘हो’ म्हणजे ‘होवो’. आम्हा पोरींना ते मराठीच वाटायचं: मरिया देवाला म्हणाली, हो!

वडिलांना फरक चांगला कळत होता. त्यांनी ही चूक कधी सुधारली नाही, कारण ती त्यांच्या सोयीची होती. पाहुण्यांची भांडी घासायची? मरियेसारखं हो म्हण. सहलीचा हट्ट सोडायचा? हो म्हण. आई तर प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. खरं सांगते, वडिलांपेक्षा मला तिचाच राग जास्त यायचा.

मॅट्रिकनंतर मला एका मिशन दवाखान्यात नर्सिंगच्या ट्रेनिंगला जागा मिळाली. फॉर्मवर फक्त वडिलांची सही हवी होती. ती राहिली बाजूला आणि त्याच आठवड्यात भुसावळचे एक गार्डसाहेब आपल्या मुलासाठी मला पाहायला आले. वडिलांनी तसबिरीकडे बोट दाखवलं. “आमच्या घराला मरियेचं वळण आहे, साहेब. पोरगी नाही म्हणायची नाही. म्हण गं, हो!”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तोंड उघडेना. इतक्या वर्षांची सवय.

आई दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. “मरिया हो म्हणाली ते देवाला,” ती म्हणाली. “‘थांब, बापाला विचारून सांगते’ असं नाही म्हणाली ती दूताला. आणि काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, तेव्हा कुणी न विचारता तीच आपल्या लेकाशी बोलली.”

गार्डसाहेबांनी गरम चहा कसाबसा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

“चार माणसांत नाक कापलंस माझं!” वडील ओरडले.

“रोज तिच्यापुढे गुडघे टेकता. कधी ऐकलंत तिचं?” आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “तुला जायचंय ट्रेनिंगला?”

नाही म्हणता येईल असा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मी म्हणाले, “हो.”

तिसऱ्या दिवशी वडिलांनी सही केली. निबाने कागद फाटेल इतक्या जोराने. मी गेले, नर्स झाले, आणि पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट माझ्या धीटपणाची म्हणून सांगत फिरले. कसला धीटपणा! बोलली होती आई.

माझी ट्रंक तिनेच भरली. वरती स्वतःची जपमाळ ठेवली. तुला कुठे जायचं होतं गं, असं मी तिला तेव्हा विचारलं नाही. नंतरही नाही.